साइटवरचं सेफ्टी जॅकेट: निवडायचं कसं, तपासायचं कसं आणि टिकवायचं कसं

एकदा संध्याकाळी स्टोअरमधले लाइट बंद करून दोन जॅकेटं शेजारीशेजारी खिळ्याला टांगली, एक कोरं आणि एक साइटवर सहा-सात महिने रोज घातलेलं, आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला धरून पंधरा-वीस पावलं मागे गेलो. कोऱ्या जॅकेटच्या पट्ट्या ट्यूबलाइट लागल्यासारख्या पेटल्या. जुनं जॅकेट कुठे टांगलंय हेच आधी कळेना, मग नीट बघितल्यावर राखाडी ठिपके ठिपके दिसले. आणि आदल्या रात्रीच्या पाळीत एक हेल्पर तेच जॅकेट घालून गाड्यांना इशारे देत होता, त्याला वाटत होतं आपण लांबून दिसतोय, त्याच्या सुपरवायझरलाही तसंच वाटत होतं कारण दिवसा ते जॅकेट ठीकठाक पिवळं दिसायचं.

तेव्हापासून जॅकेट घेताना मी एकच प्रश्न धरून चालतो, की सहा महिने वापरल्यावर, मळल्यावर, वाकलेल्या माणसाच्या अंगावर, प्रत्यक्ष जिथे काम चालतं तिथल्या उजेडात हे ड्रायव्हरला दिसेल का. पाकिटातून काढल्यावर सगळीच जॅकेटं छान दिसतात, त्यावरून काहीच ठरत नाही.

कापड दिवसाचं, पट्टी रात्रीची

हे आधी डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. जॅकेटमध्ये दोन वेगळी कामं करणाऱ्या दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे भडक पिवळं किंवा केशरी कापड, ज्याला फ्लोरोसंट म्हणतात. हे कापड सूर्यप्रकाशातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतं आणि तीच ऊर्जा दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतं, म्हणून ते साध्या पिवळ्यापेक्षा जास्त उजळ वाटतं. पहाटे, संध्याकाळी, ढगाळ हवेत, धुक्यात याचा फायदा सगळ्यात जास्त, कारण तेव्हा आजूबाजूचं सगळं मळकट दिसतं आणि हे एकटंच उठून दिसतं. पण रात्री गाडीच्या हेडलाइटमध्ये अतिनील किरण जवळपास नसतातच, त्यामुळे कापडाची ही करामत संपते.

दुसरी वस्तू म्हणजे चंदेरी पट्टी. आपण सगळे तिला रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियम बिडियम काही नसतं आणि ती अंधारात स्वतःहून चमकतही नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात (किंवा काही पट्ट्यांमध्ये छोटे छोटे प्रिझम), आणि ते आलेला उजेड जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणून टॉर्च डोळ्याच्या शेजारी धरायचा, कमरेजवळ धरला तर चांगली पट्टीसुद्धा मंद दिसते आणि तुम्ही उगाच चांगला माल रिजेक्ट कराल.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते जी बरेच जण विसरतात. पट्टी फक्त त्यालाच दिसते ज्याच्या डोळ्याजवळून उजेड निघतो. हेडलाइट लावून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ती मस्त दिसेल, पण मागचा दिवा बंद असलेला डंपर रिव्हर्स येत असेल तर पट्टी असून नसल्यासारखी. उंच खांबावरच्या फ्लडलाइटखाली पण तसंच, उजेड वरून येतो आणि परत वरच जातो, खाली मशीनच्या केबिनमध्ये बसलेल्याला पट्टी राखाडी दिसते आणि मग सगळा भार कापडाच्या रंगावर येतो. त्यात जुने पिवळे सोडियम लाइट असतील तर रंगांमधला फरकसुद्धा पुसट होतो. म्हणजे रात्रीच्या साइटला जॅकेट ठरवताना तिथे उजेड कुठून पडतो हे आधी बघायचं.

जागेवर जाऊन बघा, मगच रंग आणि क्लास ठरवा

खरेदीच्या टेबलावर बसून हे ठरत नाही. ड्रायव्हर किंवा ऑपरेटर जिथे बसतो तिथे स्वतः जाऊन बसा आणि माणूस जिथे काम करतो तिकडे बघा. मागे काय दिसतंय? झाडी आणि गवत असेल तर पिवळा-हिरवट रंग त्यात थोडा मिसळतो, तिथे केशरी बरा. मागे केशरी कोन, केशरी जाळी, लाल माती असेल तर पिवळा बरा. मशीनं पिवळी असतात हेही लक्षात घ्या, पिवळ्या पोकलेनच्या बाजूला पिवळ्या जॅकेटातला माणूस उभा राहिला की तो लांबून मशीनचाच भाग वाटू शकतो. एरवी दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळ्या-हिरव्याला सगळ्यात जास्त संवेदनशील असतो, त्यामुळे पार्श्वभूमीची अडचण नसेल तर पिवळा हा सरळ पर्याय. रेल्वे ट्रॅकवर मात्र काही देशांत, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, केशरीच लागतो, तिथे आवडनिवड नाही.

आणि एक. सुपरवायझर वेगळा ओळखू यावा म्हणून निळं, काळं किंवा गडद हिरवं जॅकेट देतात, त्यावर पट्ट्या असतात म्हणून ते चालतं असं सगळ्यांना वाटतं. नाही चालत. हाय व्हिजिबिलिटी, म्हणजे लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ २०४७१, त्यात कापडाचे तीनच रंग मान्य आहेत, फ्लोरोसंट पिवळा, फ्लोरोसंट केशरी-लाल आणि फ्लोरोसंट लाल. सुपरवायझर पण त्याच डंपरच्या मागून चालतो ना, मग त्याला वेगळा नियम कशाला? हुद्दा दाखवायचा तर हेल्मेटचा रंग बदला.

आता क्लास, म्हणजे जॅकेटवर रंगीत कापड आणि पट्टी किती आहे त्यावरून ठरणारी त्याची पायरी. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी मानकं चालतात. युरोपात ईएन आयएसओ २०४७१, ज्याने २०१३ मध्ये जुन्या ईएन ४७१ ची जागा घेतली. अमेरिकेत एएनएसआय आयएसईए १०७, कॅनडात सीएसए झेड ९६, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एएस/एनझेडएस ४६०२.१, भारतात आयएस १५८०९. तुमचं काम ज्या कायद्याखाली किंवा ज्या क्लायंटच्या करारात आहे त्यात कुठलं मानक लिहिलंय ते आधी काढा आणि तेच पाळा. मी पुढे आकडे २०४७१ चे देतोय कारण ते मोजायला सोपे आहेत.

क्लास १ ला रंगीत कापड किमान ०.१४ चौरस मीटर आणि पट्टी ०.१० चौरस मीटर. क्लास २ ला कापड ०.५० आणि पट्टी ०.१३. क्लास ३ ला कापड ०.८० आणि पट्टी ०.२०, आणि क्लास ३ साठी धड झाकून वर बाह्या नाहीतर पूर्ण लांबीचे पाय पट्ट्यांसकट असलेच पाहिजेत. म्हणजे बिनबाह्यांचं नुसतं जॅकेट क्लास ३ म्हणून कोणी देत असेल तर तिथेच थांबा, तो माल बघायचीही गरज नाही. बाह्या आणि पायांची अट उगाच नाही घातलेली. नुसत्या धडावरची पट्टी लांबून बॅरिकेडसारखी किंवा बोर्डासारखी दिसते, पण हातपाय हलताना दिसले की मेंदू क्षणात ओळखतो की हा माणूस आहे.

कुठला क्लास कुठे, याचा ढोबळ हिशोब गाडीच्या वेगावर असतो. ३० किमीच्या आत आणि माणसं-गाड्या बऱ्यापैकी वेगळ्या असतील तर क्लास १, ६० पर्यंत क्लास २, ६० च्या वर क्लास ३. पण हा फक्त सुरुवातीचा अंदाज, कारण ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते आणि १०० ला २८ मीटर, म्हणजे ड्रायव्हरने बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं. पाऊस, धुकं, रात्र, वळण, उतार, ड्रायव्हरच्या दृष्टीआड गुडघ्यावर बसून करायचं काम, यातलं काही असेल तर मी सरळ एक क्लास वर जातो. अमेरिकन १०७ मध्ये क्लासच्या आधी टाइप असतो, ओ म्हणजे रस्त्यापासून लांबचं काम, आर म्हणजे रस्त्यावरचं, पी म्हणजे पोलीस, अग्निशमन वगैरे. ऑस्ट्रेलियात दिवसाचं डी, रात्रीचं एन आणि दोन्हीचं डी/एन. डीवालं जॅकेट रात्रपाळीला दिलं तर त्याचा काहीच उपयोग नाही, त्यावर पट्टीच नसते.

लेबल वाचायला शिका

आतल्या बाजूचं पांढरं लेबल म्हणजे जॅकेटचं आधार कार्ड समजा. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल नंबर, साइज, मानकाचा नंबर वर्षासकट, धुण्याच्या खुणा हे सगळं असायला पाहिजे. २०४७१ च्या जॅकेटवर छोट्या जॅकेटचं चित्र असतं आणि त्याच्या बाजूला एकच आकडा, तो क्लास. चित्राच्या बाजूला वर-खाली दोन आकडे दिसले तर ते जुन्या ईएन ४७१ चं लेबल आहे, तेव्हा दुसरा आकडा पट्टीच्या दर्जाचा असायचा. २०१३ नंतर इतकी वर्षं झाली, तरी असा माल फिरत असतो, तो एकतर जुना पडून राहिलेला असतो नाहीतर कुठलंतरी जुनं लेबल कॉपी करून छापलेलं असतं.

धुण्याचा आकडा मुद्दाम बघा. ‘कमाल २५ वेळा’ असं काही लिहिलेलं असेल तर चाचणी तेवढ्या धुण्यांपर्यंतच झालीये असा अर्थ. आठवड्यातून एकदा धुतलं तर २५ धुणी सहा महिन्यांत संपतात, मग वर्षभर चालेल म्हणून घेतलेल्या मालाचं काय? ५० धुण्यांचं जॅकेट थोडं महाग पडलं तरी हिशोबात बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

सर्टिफिकेट मागा आणि मागितल्यावर नीट वाचा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. सप्लायर पट्टीचा टेस्ट रिपोर्ट पाठवतो, भारी कंपनीची पट्टी असते, रिपोर्ट पण खरा असतो, आणि आपण खूश. पण तो रिपोर्ट फक्त पट्टीचा आहे. कापडाची चाचणी वेगळी, आणि पट्ट्या कुठे किती लावल्या यासकट अख्ख्या जॅकेटचं सर्टिफिकेट वेगळं. युरोपियन नियमांत ही जॅकेटं कॅटेगरी २ ची सुरक्षा साधनं धरतात आणि अख्ख्या जॅकेटची टाइप तपासणी, म्हणजे त्या मॉडेलच्या नमुन्याची तपासणी, अधिकृत संस्थेकडून लागते. सर्टिफिकेटवरचा मॉडेल नंबर आणि तुमच्या हातातल्या लेबलवरचा मॉडेल नंबर अक्षर-अक्षर जुळवा, ते जुळलं नाही तर ते सर्टिफिकेट दुसऱ्या कुणाच्यातरी जॅकेटचं आहे.

लॉट आला की मोजा

माझ्या हातून एक चूक झाली होती ती सांगतो. सॅम्पल मस्त होतं, पास केलं, ऑर्डर दिली, आणि लॉट आला तेव्हा वरची दोन बंडलं उघडून बघितली आणि सही केली. महिन्याभरात जॅकेटं झिरझिरीत झाली, खांद्यावर उसवली. नंतर सॅम्पलशेजारी ठेवून बघितलं तर कापडच वेगळं होतं, पातळ. पण सही तर मीच केली होती. तेव्हापासून एक सॅम्पल सप्लायरची सही घेऊन, सील करून स्टोअरमध्ये ठेवतो आणि लॉटमधली वरची नाही, मधली आणि तळातली पाकिटं फोडतो.

शिंप्याची टेप घ्या. पट्टीची रुंदी किमान ५० मिमी, त्याच्या खाली नाही. मग सगळ्या पट्ट्यांची लांबी मोजून बेरीज करा, कमरेभोवतीच्या, खांद्यावरच्या, सगळ्या. ५० मिमी रुंद पट्टीत ०.१३ चौरस मीटर व्हायला २.६ मीटर लांबी लागते. म्हणजे क्लास २ म्हणून दिलेल्या जॅकेटवर पट्टी २.६ मीटरपेक्षा कमी भरली तर विषय संपला, लेबलवर काहीही छापलेलं असू दे. क्लास १ ला २ मीटर, क्लास ३ ला ४ मीटर. दुरंगी पट्टी असेल तर चंदेरी भागच मोजायचा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि स्वस्तातली कितीतरी जॅकेटं इथेच नापास होतात.

जागा पण बघा. कमरेभोवतीची पट्टी पूर्ण गोल फिरलेली पाहिजे, समोर चेनपाशी किंवा वेल्क्रोपाशी तुटते ती फट ५० मिमीपेक्षा जास्त नको. दोन आडव्या पट्ट्यांत किमान ५० मिमी अंतर, आणि सगळ्यात खालची पट्टी काठापासून किमान ५० मिमी वर. मागून बघितल्यावर पाठीवर पट्टी आहे ना हे बघा, हसू नका, पुढून दोन आणि मागून एकच अशी जॅकेटं मी हातात घेतली आहेत.

आता लोगो. कंपनीचं नाव पाठीवर मोठं छापायची सगळ्यांनाच हौस असते. क्लास २ ला ०.५० चौरस मीटर म्हणजे ५,००० चौरस सेंटिमीटर रंगीत कापड लागतं, आणि पाठीवर ३० बाय १५ सेमीचा ठोकळा छापला की त्यातले ४५० गेले. जॅकेट काठावर पास असेल तर छपाईनंतर ते नापास होतं, सर्टिफिकेट मात्र बिनछपाईच्या जॅकेटचं असतं. छपाई करायचीच तर ऑर्डरच्या वेळीच सप्लायरला सांगा, लहान साइजवर किती क्षेत्र उरतं ते लिहून घ्या, आणि पट्टीवर तर काही म्हणजे काहीच छापायचं नाही, शिवायचं नाही.

कापडाचं वजन घरच्या घरी काढता येतं. एखादं जॅकेट बळी द्यायचं, त्यातून बरोबर १० बाय १० सेमीचा तुकडा कापायचा, सोनारासारख्या छोट्या काट्यावर ठेवायचा, जितके ग्रॅम भरतील त्याला १०० ने गुणलं की जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १.२ ग्रॅम भरला तर १२० जीएसएम. रोजच्या वापराला मी १२० च्या खाली जात नाही. पन्नास-साठ जीएसएमवालं जॅकेट पाहुण्यांना तासभर साइट दाखवायला ठीक आहे, सळयांमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर ते आठवडाभर टिकत नाही.

टिकाऊपणा कशात असतो

कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं आणि त्याला कारण आहे, फ्लोरोसंट रंग पॉलिएस्टरवर चांगला बसतो आणि जास्त टिकतो, सुती कापडावर तो लवकर विटतो. विणीत दोन प्रकार, जाळीचं आणि भरीव. उन्हात जाळीचं खूप बरं पडतं, माणूस ते अंगावर ठेवतो, पण सळई, तार, खिळे यांत जाळी पटकन अडकते आणि एक धागा ओढला की भोक वाढत जातं. शटरिंग, सळई, स्कॅफोल्डिंगवाल्यांना भरीव किंवा दाट विणीचं द्या, झेंडा घेऊन ट्रॅफिक वळवणाऱ्याला जाळीचं द्या. एकाच प्रकारचं सगळ्यांना वाटायला सोपं जातं पण कुणालाच नीट होत नाही.

पट्टी दोन प्रकारे लावतात, शिवून किंवा गरम दाबून चिकटवून. चिकटवलेली हलकी आणि मऊ असते, तुकड्या-तुकड्यांची असेल तर अंगाबरोबर वळते, पण वॉशिंगमध्ये जास्त तापलं की कडा सुटायला लागतात. शिवलेलीत बघायचं ते असं की दोन्ही काठांवर सलग टाके आहेत का, टाके काठाच्या अगदी टोकावर तर नाहीत ना, आणि पट्टी जिथे बाजूच्या शिलाईत जाते तिथे उलटी शिलाई मारली आहे का. पट्टी दोन बोटांत धरून कापडापासून जोरात ओढा. टाक्यांच्या रेषेवर भोकं मोठी होताना दिसली तर दोऱ्याचा दोष नाही, कापडच कच्चं आहे.

मग नख. पट्टीवर अंगठ्याचं नख थोडं दाबून दहा-बारा वेळा घासा, पट्टी चुरगाळून मुठीत घट्ट आवळा, सोडा, आणि परत टॉर्चखाली बघा. चांगल्या पट्टीवर फारसा फरक पडत नाही. हलक्या पट्टीचे मणी पावडरसारखे निघतात, नखाला राखाडी भुकटी लागते आणि घडीच्या जागी काळी रेघ दिसते. प्रयोगशाळेत हेच जास्त काटेकोरपणे करतात, २०४७१ मध्ये नवीन पट्टीला ठरलेल्या कोनात किमान ३३० कॅंडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर परावर्तन लागतं आणि घासणं, वाकवणं, थंडीत दुमडणं, धुणं या सगळ्यानंतरही १०० च्या खाली जाऊन चालत नाही. पाऊस पडतानाची चाचणीपण असते, कारण मण्यांवर पाण्याचा थर बसला की काही पट्ट्या एकदम मंद होतात. घेताना पट्टीवर पाणी शिंपडून टॉर्च मारून बघाच. प्रिझमवाली पट्टी पाण्यात सहसा जास्त चांगली टिकते, फक्त ती कडक असते आणि काहींना टोचते.

बंद करायला चेन की वेल्क्रो? धूळ आणि सिमेंट असेल तिथे वेल्क्रोत कचरा भरतो आणि दोन महिन्यांत ते धरत नाही, मग जॅकेट उघडं फडफडतं. चेन घ्यायची तर जाड दातांची प्लास्टिकची, बारीक दातांची सिमेंटने जाम होते. पण फिरतं मशीन, कन्व्हेयर, शाफ्ट असेल तिथे चेन नको, तिथे खांदे, बाजू आणि समोर अशा पाच ठिकाणी वेल्क्रो असलेलं, ओढलं की सुटणारं जॅकेटच पाहिजे. माणूस आत ओढला जाण्यापेक्षा जॅकेट गेलेलं बरं. घेतल्यावर एकाला घालायला लावून मागून खरंच झटका देऊन बघा, काही जॅकेटांत वेल्क्रोच्या वरून शिलाई मारलेली असते आणि ती सुटतच नाहीत.

वेल्डिंग, वीज, हार्नेस

साधं पॉलिएस्टर आगीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. वेल्डर, गॅस कटर, इलेक्ट्रिकल पॅनेलवाले यांना आगरोधक कपडे देऊन वरून साधं सेफ्टी जॅकेट घालायला लावणं म्हणजे त्या महागड्या कपड्यांचा उपयोगच घालवणं. त्यांना आगरोधक आणि हाय व्हिजिबिलिटी दोन्ही मानकांचं लेबल असलेलंच जॅकेट द्यायचं, आयएसओ ११६१२ किंवा १४११६ असं काही त्यावर दिसेल. आर्क फ्लॅशचा, म्हणजे विजेची मोठी ठिणगी उडून होणाऱ्या भडक्याचा धोका असेल तर त्याचं रेटिंग वेगळं असतं, ते पण बघा.

उंचीवर काम करणाऱ्याने हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्ट्यांचा संच) जॅकेटवरून घातला की पट्टे रेडियमवर येतात, समोरची अर्धी पट्टी झाकली जाते. हार्नेस आतून घालून पाठीवरच्या डी-रिंगसाठी, म्हणजे दोर अडकवायच्या कडीसाठी, चीर असलेलं जॅकेट मिळतं, तेच घ्या. साध्या जॅकेटला ब्लेडने चीर पाडू नका, तिथून ते फाटत जातं आणि सर्टिफिकेटही राहत नाही. तसंच पाठीवर पाण्याची बॅग, स्प्रे पंप, लांब केस, रेनकोट, सगळ्याने पट्टी झाकली जाते. पावसाळ्यात जॅकेटवर साधा रेनकोट घालणाऱ्यांची रांग मी दरवर्षी बघतो. तिथे रेनकोटच हाय व्हिजिबिलिटीचा लागतो.

अंगावर घालून बघा

फ्री साइज ही गोष्ट मला मान्य नाही. बारीक माणसाच्या अंगावर ते खाली लोंबतं, खालची पट्टी मांडीवर येते, बाजूने कापड कशात तरी अडकतं. जाड माणसाचं समोरून बंदच होत नाही. बायकांना पुरुषांच्या मापाचं दिलं की त्या काखेत गाठ मारतात, मग पट्टीच चुरगाळते. मापं घ्या, तीन-चार साइज मागवा, थंडीत स्वेटरवरून बसेल असं जास्तीचं माप ठेवा. मग घालून त्या माणसाला वाकायला सांगा, गुडघ्यावर बसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, आणि चारी बाजूंनी फिरून बघा पट्टी दिसते का. खिसे कुठे पाहिजेत हेही त्यालाच विचारा. वॉकीटॉकी, पेन, मोबाइल ठेवायला जागा मिळाली की माणूस जॅकेट आपलं समजून घालतो. जॅकेट उघडं ठेवायची सवय बहुतेक वेळा गरम होण्यामुळे किंवा घट्ट होण्यामुळे लागते, ओरडून ती जात नाही, बरोबर माप आणि बरोबर कापड दिलं की आपोआप कमी होते.

धुणं, वाळवणं, ठेवणं

एका माणसाला दोन जॅकेटं. एक अंगावर, एक धुण्यात. एकच दिलं की ते धुतलंच जात नाही, आणि मातीने मळलेलं फ्लोरोसंट कापड म्हणजे साधं तपकिरी कापड.

धुताना उलटं करून, चेन किंवा वेल्क्रो लावून, साध्या डिटर्जंटने, लेबलवर जे तापमान दिलंय त्याच्या आत. ब्लीच नाही, आणि फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नाही, त्याचा थर मण्यांवर बसतो आणि पट्टी आंधळी होते. ब्रशने पट्टी घासायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पट्टीवर इस्त्री नाही. डांबर, ऑइल लागलं की काही जण डिझेल किंवा थिनरने पुसतात, त्याने डाग जातो आणि पट्टीही जाते. वाळवायचं सावलीत. गाडीच्या काचेमागे जॅकेट टांगून ठेवायची सवय सगळ्यांना असते, दिसायला बरं वाटतं, पण ऊन तिथेही रंग खातंच, न घालताच जॅकेट विटतं.

कधी बाद करायचं

वाटप करतानाच आतल्या लेबलवर न पुसणाऱ्या मार्करने तारीख लिहा, बाहेर नाही. रोज घालायच्या जॅकेटला साधारण सहा महिने हा अंदाज धरून चालतात, कधीमधी वापरायचं जास्त टिकतं, पण खाणीत आणि डांबरी कामात तीन महिन्यांतही संपतं. त्यामुळे तारखेवर विसंबून न राहता महिन्यातून एकदा तपासणी ठेवा. माझी पद्धत सोपी आहे, त्याच लॉटमधलं एक जॅकेट काळ्या पिशवीत घालून अंधारात जपून ठेवतो. दिवसा जुनं जॅकेट त्याच्या शेजारी धरायचं, पिवळा फिका लिंबासारखा किंवा केशरी विटकरीसारखा दिसला तर बाद. मग अंधारात टॉर्च. पट्टीवर काळे चट्टे, घडीच्या रेघा, सुटलेल्या कडा दिसल्या तर बाद. पट्टीच्या ओळीतच फाटलं असेल तर शिवत बसू नका, शिवताना पट्टी कमी होते. बाजूची शिलाई उसवली असेल तर त्याच जागी परत मारून घ्यायला हरकत नाही.

बाद झालेलं जॅकेट पट्टीवरून उभं कापून टाका. नुसतं कोपऱ्यात फेकलं की दुसऱ्या दिवशी ते कुणाच्यातरी अंगावर दिसतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी कामाला आलेल्या नव्या पोराच्या, ज्याला अजून कुठली गाडी कुठून वळते हेही माहीत नसतं.

आणि कापायच्या आधी, जमलं तर, त्या ड्रायव्हरला किंवा ऑपरेटरला बोलवा आणि केबिनमधूनच विचारा की हे दिसतंय का. मी हे आता प्रत्येक लॉटला करतो. रात्री एक माणूस सुरक्षित जागी, गाडी उभी आणि इंजिन बंद, हेडलाइट चालू, आणि ऑपरेटर केबिनमध्ये बसून सांगतो की आता दिसतोय, आता नाही. कागदावर जे पास झालं होतं त्यातलं एक जॅकेट त्याने तिथूनच नाकारलं होतं, कारण माणूस खाली वाकला की पाठीवरची पट्टी आभाळाकडे तोंड करत होती आणि त्याच्याकडे नुसतं कापड उरत होतं. त्या गँगला मग आम्ही पट्ट्या लावलेल्या फुल पँट दिल्या.